लपवावी लागते ते औषध नव्हे

चार वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्यात नशेविरोधी सभा झाली. जुम्याच्या नमाजनंतर दोन-तीनशे माणसे जमली होती. मालेगाव-औरंगाबादच्या बातम्यांतून गाजलेली ‘कुत्ता गोळी’ आमच्या तालुक्याच्या गावातही पोचली होती. नववी-दहावीची पोरे संध्याकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी कट्ट्यावर बसू लागली होती. मी शिक्षक, त्यात बोलायची सवय असलेला, म्हणून मुख्य भाषण माझ्याकडे आले. पंचवीस मिनिटे बोललो. ही गोळी म्हणजे अल्प्राझोलम नावाचे औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकणे गुन्हा आहे, आईबापांनी पोरांचे खिसे तपासले पाहिजेत, असे सगळे सांगितले. लोकांनी दाद दिली. मौलानांनी दुआ केली.

त्या वेळी माझ्या स्वतःच्या कुर्त्याच्या खिशात अल्प्राझोलमची पट्टी होती. दहातल्या चार गोळ्या उरल्या होत्या. माईक धरताना हात थरथरू नयेत म्हणून एक गोळी मी वजू करण्याआधीच घेतली होती.

आज मला सर्वांत जास्त धक्का बसतो तो एका गोष्टीचा. भाषण करताना आपण खोटे बोलत आहोत असे मला क्षणभरही वाटले नाही. ढोंगी माणसाला निदान आपले ढोंग ठाऊक असते. मला तेही ठाऊक नव्हते. माझ्या लेखी ती पोरे नशा करत होती आणि मी औषध घेत होतो. औषध एकच, कंपनीही कदाचित एकच. पण त्यांच्या आणि माझ्या गोळीत मी एक भिंत बांधून ठेवली होती. हा लेख त्या भिंतीबद्दल आहे.

सुरुवात अगदी रास्त कारणाने झाली. अब्बा गेले, त्यानंतर दोन महिने मला झोप नव्हती. डॉक्टरांनी पाव मिलिग्रॅमची गोळी दिली, दहा दिवसांसाठी. ‘यापुढे नको’ असेही सांगितले. डॉक्टरांची काही चूक नव्हती. अशी औषधे योग्य वेळी, योग्य मुदतीत फार उपयोगी पडतात आणि जे कोणी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेत आहेत त्यांनी माझा लेख वाचून गोळी बंद करू नये. हे आधीच सांगून ठेवतो. का, ते पुढे येईल.

अकराव्या दिवशी मी जुनी चिठ्ठी घेऊन पुन्हा दुकानात गेलो. तिथून पुढे सहा वर्षे.

या औषधाची एक खोड आहे आणि ती समजल्याशिवाय त्याची फसवणूक कळत नाही. मेंदूला काही आठवड्यांतच त्याची सवय होते. मग जुन्या मात्रेने भागत नाही. शिवाय अल्प्राझोलमचा असर काही तासांत उतरतो आणि उतरताना छातीत धडधड, हातांना कंप, विनाकारण भीती सुरू होते. ही भीती गोळी उतरल्याची असते, पण माणसाला वाटते की आपला मूळ आजारच उलटला. म्हणजे पुढची गोळी घ्यायचे कारण मागची गोळीच तयार करून देते. माझ्याकडे दर वेळी कारण होते आणि ते खरेही वाटत होते, कारण हात खरोखरच थरथरत होते.

त्यावर मी माझी वकिली चढवली. पहिल्या वर्षी म्हणायचो, झोप नाही झाली तर शाळेत शिकवणार कसे? दुसऱ्या वर्षी, मुलीच्या लग्नाचा ताण आहे, तो संपला की सोडू. तिसऱ्या वर्षी, हेडमास्तर त्रास देतात. चौथ्या वर्षी मला एक भक्कम कारण सापडले, ते शेवटपर्यंत पुरले: मी दारू पीत नाही. विडी नाही, तंबाखू नाही, गुटखा नाही. पाच वेळची नमाज आहे. असा माणूस नशेबाज कसा असेल?

हे शेवटचे कारण आपल्या समाजापुढे मला मुद्दाम ठेवायचे आहे. दारू हराम आहे हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते आणि त्यामुळे अनेक घरे वाचली, हेही खरे. पण त्याच ज्ञानाने आपल्याला एक आडोसा दिला. ज्याला बाटलीचा वास येत नाही ते सगळे आपण नशेच्या हिशेबातून वगळून टाकले. खोकल्याचे कोडीनवाले औषध, दुखण्यावरची ट्रामाडोल, झोपेची गोळी. या कशाला वास नाही, कशाने पाय लडखडत मशिदीत येत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. डॉक्टरी सल्ल्याबाहेर झोपेची-गुंगीची औषधे घेणारे देशात सुमारे 1 कोटी 18 लाख लोक असल्याचा अंदाज त्यात आहे. हे सगळे कट्ट्यावरची पोरे नसणार. त्यात माझ्यासारखे मास्तर असतील, दुकानदार असतील, घरातून बाहेर न पडणाऱ्या बायाही असतील.

2014 पासून अल्प्राझोलमसारखी औषधे ‘शेड्यूल एच-1’ मध्ये आहेत. दुकानदाराने रुग्णाचे, डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. गावातल्या बहुतेक दुकानांत ही वही पुढे येऊ लागली, तेव्हा मी बसस्टँडकडचे एक दुकान शोधले, जिथे वही पुढे येत नव्हती. आणि एकदा, बाहेरगावी, मी चिठ्ठीवरचा दहाचा आकडा पेनाने बदलला. तीस वर्षे मी पोरांच्या प्रगतिपुस्तकात खाडाखोड पकडत आलो आहे. गुण वाढवलेल्या पोराला बापासमोर उभे केले आहे. त्या दिवशी पेन खिशात ठेवताना मी स्वतःशी काय म्हणालो, ते अजून आठवते: ‘डॉक्टर सुट्टीवर आहेत, असते तर त्यांनीच लिहून दिले असते.’ यालाच मानसशास्त्रात सबबीकरण म्हणतात. काम आधी झालेले असते, कारण नंतर येते आणि ते इतके नीटनेटके असते की जणू तेच आधी होते.

माझ्या भिंतीला पहिला तडा रमजानमध्ये गेला. सेहरीला गोळी घेतली की दुपारपर्यंत असर उतरायचा. असरच्या नमाजपर्यंत घाम फुटायचा, ओठ कोरडे, हात थरथर. लोक म्हणायचे, मास्तरांना रोजा लागलाय. मीही तेच म्हणायचो. इफ्तारला खजुराबरोबर गोळी घेतली की थोड्या वेळाने जग पुन्हा सरळ व्हायचे आणि मी सर्वांदेखत अल्लाहचे शुक्र मानायचो. मग तरावीहमध्ये इमामांच्या मागे उभा राहून मला किती रकात झाल्या याचा पत्ता नसायचा.

कुरआनात दारूची मनाई टप्प्याटप्प्याने आली हे आपण मदरशात शिकतो. आधी सांगितले की त्यात काही लाभ असले तरी गुनाह मोठा आहे. मग सांगितले की नशेत असताना नमाजच्या जवळ जाऊ नका, आपण काय बोलतो ते समजेपर्यंत. शेवटी पूर्ण मनाई. मधला टप्पा मी दर वर्षी वर्गात पोरांना समजावून सांगत असे. त्या रमजानमध्ये तो माझ्याकडे वळून उभा राहिला. काय बोलतो ते मला समजत होते का? नव्हते. तरीही मी उत्तर शोधले: हा आदेश दारूबद्दल आहे, गोळीबद्दल नाही.

तडा मोठा केला तो पत्नीने. पट्ट्या मी आलमारीत शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवायचो. तिला सापडल्या. मी शांतपणे सांगितले, दवा आहे, डॉक्टरांनी दिली आहे. ती भांडली नाही. पट्ट्या हातात धरून एवढेच म्हणाली, “दवा है तो छुपाते कायकू?”

सहा वर्षांची माझी सगळी वकिली या एका प्रश्नापुढे गप्प झाली. रक्तदाबाची गोळी मी कधी लपवली नव्हती. ती चहाच्या कपाशेजारी उघडी पडलेली असायची. तेव्हापासून व्यसनाची माझ्यापुरती व्याख्या तिच्या या वाक्यात आहे. किती घेता, किती वर्षे घेता, हे डॉक्टर पाहतील. लपवता का, हे ज्याचे त्याने पाहायचे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सबबींना संपायची घाई नसते. गोळी सोडायचे ठरले की त्या वेश बदलून सोडण्याच्या बाजूने उभ्या राहतात. शब-ए-कद्रच्या रात्री मी रडून तौबा केली आणि घरी येऊन उरलेल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. पत्नी म्हणाली, डॉक्टरांना विचारा. मी म्हणालो, इमान पक्के असल्यावर डॉक्टर कशाला? ते मला फार धार्मिक वाक्य वाटले. आता वाटते, त्यात धर्म नव्हता. डॉक्टरांसमोर ‘सहा वर्षे, रोज, लपवून’ हे शब्द उच्चारायची भीती होती आणि तिला मी इमानाची टोपी घातली होती. तिसऱ्या दिवशी ईदच्या बाजारात मला फिट आली. दुकानाच्या पायरीवर डोके आपटले, सहा टाके पडले.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी जे सांगितले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे. या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील तर एकदम बंद करणे धोक्याचे असते. फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू, आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या हिशेबाने उतरवावी लागते. माझी उतरायला नऊ महिने लागले. पट्टी पत्नीच्या ताब्यात असे आणि ती रोज मोजून देई. मास्तरला गोळी मोजून घेताना जी लाज वाटली ती, माझ्या मते, औषधाइतकीच गुणकारी होती.

डॉक्टरांनी एका गटाच्या सभेलाही पाठवले. व्यसनी माणसांनीच चालवलेले हे गट 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाले आणि आता आपल्याकडेही गावोगावी आहेत. मी पहिल्या दिवशी दाराशी घुटमळलो. आत बसलेले दारूचे, गर्दचे. त्यांच्यात माझे काय काम? माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, “मी दारू घेत नाही. माझ्या फक्त गोळ्या होत्या.” समोरचे एक आजोबा हसले. म्हणाले, “बसा मास्तर. इथं सगळे ‘फक्त’ घेऊनच येतात. माझी फक्त बीअर होती. याचं फक्त शनिवारी होतं. ‘फक्त’ दाराबाहेर ठेवून या, बाकी सगळं आणलं तरी चालेल.”

त्या खोलीत मला समजले की आपली फसवणूक आपल्याला एकट्याने पकडता येत नाही. सबब तयार करणारे डोके आणि ती तपासणारे डोके एकच असते. चोर आणि फौजदार एकाच खुर्चीत. म्हणून दुसरा माणूस लागतो, ज्याने तीच सबब स्वतः वापरलेली आहे.

गोळी सुटल्यावर पाच महिन्यांनी मला याचा पुरावा मिळाला. पत्नीला ताप होता, पॅरासिटामॉल आणायला निघालो. घरापासून बसस्टँडपर्यंत औषधांची तीन दुकाने लागतात. ती तिन्ही मागे टाकून मी त्याच जुन्या दुकानासमोर उभा राहिलो. कारण तयार होते: तिकडे भाजी ताजी मिळते, येताना घेऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसन उलटण्याचा अभ्यास केला. माणूस गोळीकडे थेट जात नाही, वरवर बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या छोट्या-छोट्या निर्णयांनी तिच्यापर्यंत पोचतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. एकेक निर्णय निर्दोष असतो, दिशा तेवढी ठरलेली असते. मी दुकानासमोरूनच आजोबांना फोन लावला. ते म्हणाले, “भाजी घ्या आणि घरी जा. बोलत राहा, फोन ठेवू नका.” त्या दिवशी वाचलो. त्यानंतर एकदा वाचलो नाही, ते दोन दिवस मला पुन्हा मोजायला लागले. त्या वेळची सबब वेगळी होती: एक घेतलीच आहे, आता सगळे मोडले, मग पूर्ण पट्टी का नको? ही सबब सर्वांत घातकी. ती पश्चात्तापाच्या आवाजात बोलते.

आपल्या परंपरेत यावर विचार झालेला नाही असे नाही. सूरह अल्-कियामाह सांगते की माणूस कितीही सबबी पुढे करो, स्वतःविरुद्धचा साक्षीदार तो स्वतःच असतो. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये एक संपूर्ण प्रकरण आत्मवंचनेवर लिहिले आहे आणि त्यात फसलेल्यांच्या यादीत दारुडे किंवा जुगारी नाहीत; आलिम आहेत, इबादत करणारे आहेत, सूफी आहेत, दानधर्म करणारे श्रीमंत आहेत. ज्याच्याकडे मिरवायला काही चांगले आहे तोच चांगला फसतो. अल्लाह माफ करणारा आहे असे म्हणत तेच करत राहणे ही आशा नव्हे. पेरल्याविना पिकाची वाट पाहणे आहे, असे ते समजावतात. आणि याला उतारा म्हणून त्यांनी मुहासबा सांगितला: व्यापारी भागीदाराकडून घेतो तसा स्वतःच्या नफ्सकडून रोजचा हिशेब घेणे. तौबेच्या अटी आपण तोंडपाठ म्हणतो: कृत्य सोडणे, पस्तावा, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करणे. शब-ए-कद्रला मी पस्ताव्याचे अश्रू ढाळले. चौथ्या अटीचा विचारही केला नाही. पत्नीचा सहा वर्षांचा विश्वास, शाळेतल्या पोरांचे अर्ध्या झोपेत शिकवलेले तास, हे कोण परत करणार होते? रडणे सोपे असते. हिशेब कठीण असतो, म्हणून नफ्स रडून मोकळे व्हायला सांगतो.

कोणी म्हणेल, व्यसन हा आजार आहे आणि तुम्ही रुग्णालाच खोटारडा ठरवता. आजार आहे हे मला मान्यच आहे. सवय लागली यात माझा गुनाह किती, हे अल्लाह जाणे. पण खोटा हिशेब हे या आजाराचेच लक्षण आहे, जसा तापात कंप. त्याला लक्षण म्हटले की त्याची लाज कमी होते आणि इलाज सुरू होतो.

ही लाज आपण मोहल्ल्यातच पिकवतो. नशा करणाऱ्या पोराचे नाव जमातीत घेतले जाते, त्याच्या बहिणीचे स्थळ मोडते. म्हणून घरचेही खोटे बोलू लागतात. माझ्या पत्नीने शाळेत फोन करून कित्येकदा ‘ताप आहे’ म्हणून सांगितले. आणि मोहल्ल्याचीही एक सामूहिक सबब आहे: गोळ्या बाहेरून येतात, आपली पोरे बिघडवण्याचा कट आहे. विकणाऱ्यांना पोलिसांनी जरूर पकडावे, त्यासाठी निवेदनेही द्यावीत. पण गोळी बाहेरून आली तरी ‘आपल्यात असे काही नाही’ हे वाक्य घरीच तयार होते. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हा गर्दच्या आहारी गेलेल्या पोरांना समाज गुन्हेगारच समजत होता. त्यांना आधी माणूस म्हणून बसवून ऐकणे, हे तिथले मोठे काम. आपल्या मशिदीच्या एका खोलीत आठवड्यातून एकदा असे बसता येणार नाही का? भाषण नको. दार बंद, चार माणसे, आणि ऐकलेले बाहेर न नेण्याचा शब्द.

मागच्या महिन्यात त्याच शादीखान्यात पुन्हा सभा झाली. मी पाच मिनिटे मागितली आणि चार वर्षांपूर्वीच्या भाषणाच्या वेळी माझ्या खिशात काय होते ते सांगितले. टाळ्या झाल्या नाहीत. दोघे-तिघे उठून गेले. एका जुन्या मित्राने अजून सलाम घेतलेला नाही. पण रात्री इशाच्या नमाजनंतर चपला घालताना एक गृहस्थ शेजारी आले. माझ्याहून वयाने मोठे, हाजी, गावात मान असलेले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, “मास्तर, मेरी तो सिर्फ खाँसी की दवा है…”

मी त्यांना ‘सिर्फ’बद्दल काही बोललो नाही. बाहेर ओट्यावर बसायला जागा करून दिली. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी मोफत क्रमांक आहे आणि मनाच्या त्रासासाठी 14416. दोन्ही चिठ्ठीवर लिहून दिले आणि सांगितले, उद्या डॉक्टरांकडे मी बरोबर येतो, एकदम बंद करू नका. तेवढ्यात त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला. त्यांनी चिठ्ठी पटकन मुठीत मिटली, मग थांबले, आणि मूठ उघडून ती मुलाच्या हातात दिली.